कर्ज थकण्यापूर्वी : किसान क्रेडिट कार्ड, पुनर्गठन आणि परतफेडीचे नियोजन

यवतमाळहून धामणगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाभुळगाव लागते. तालुक्याचे हे ठिकाण. भोवताली काळ्या कपाशीच्या जमिनीचा पट्टा. याच तालुक्यात खडक सावंगा येथे बेंबळा नदीवर मोठे धरण उभे राहिले असले, तरी तालुक्यातील बरीचशी शेती अद्याप पावसाच्या भरवशावर चालते. मृगाच्या सरी आल्या की कापूस, तूर आणि सोयाबीनची पेरणी होते. सोयाबीन दिवाळीच्या सुमारास घरी येते, कापसाची वेचणी त्यानंतर दोन-तीन महिने चालते. म्हणजे शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो वर्षातून एकदा आणि तोही टप्प्याटप्प्याने. परंतु बियाणे, खत, डवरणी, फवारणी, वेचणीची मजुरी, मुलांचे शुल्क आणि घरचे आजारपण यांचा खर्च मात्र बारा महिने चालूच असतो. या दोहोंमधील अंतर भरून काढण्यासाठी पीककर्ज घेतले जाते. अंतर भरून निघाले तर कर्ज हे साधन ठरते. न निघाले तर तेच ओझे होते.

या तालुक्यातील ग्रामसभांना माहिती खात्याच्या कामानिमित्त उपस्थित राहताना प्रस्तुत लेखकास एक प्रश्न वारंवार ऐकावयास मिळाला आहे. पीक बुडाल्यावर काय करावे, हा तो प्रश्न नव्हे. प्रश्न असतो तो असा : “साहेब, आता बँकेत गेलो तर उलट नोटीस तर नाही ना येणार?” या भीतीपोटी अनेक कास्तकार बँकेची पायरी चढण्याचे टाळतात. मार्च महिना उलटतो, खाते थकीत होते आणि मग ज्या सवलती थकण्यापूर्वी मिळू शकल्या असत्या त्यांचे दार बंद होते. संकटकाळी कर्जाविषयी मौन बाळगणे हेच सर्वांत महागडे ठरते, ही गोष्ट गावातील पदाधिकारी, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांनी समजून घेतली, तर ती कास्तकारापर्यंत वेळेवर पोहोचू शकेल. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

कार्ड म्हणजे नेमके काय?

रा. वि. गुप्ता समितीच्या शिफारशींनंतर १९९८ साली नाबार्डने किसान क्रेडिट कार्डाची नमुना योजना तयार केली. त्यापूर्वी प्रत्येक हंगामात नवा अर्ज, नवी कागदपत्रे आणि नव्या खेपा कराव्या लागत. त्याऐवजी एकदाच मर्यादा मंजूर करावी आणि शेतकऱ्याने गरजेप्रमाणे पैसा उचलावा व आला तसा भरावा, ही या योजनेमागील कल्पना होती. २००४ मध्ये तिच्यात मुदती कर्जाचा समावेश झाला, २०१२ मध्ये तिची सुधारित रूपरेषा आली आणि पुढे पशुपालन व मत्स्यव्यवसाय यांनाही तिचा लाभ देण्यात आला.

२०१२ च्या रूपरेषेनुसार कार्डाची मर्यादा अशी काढली जाते : जिल्हास्तरीय तांत्रिक समितीने त्या पिकासाठी ठरविलेला हेक्टरी कर्जदर गुणिले पेरणीचे क्षेत्र; त्यावर घरखर्च व काढणीनंतरच्या गरजांसाठी १० टक्के; शेतीच्या साधनांच्या देखभालीसाठी २० टक्के; शिवाय पीकविम्याचा हप्ता. घरखर्चाचा भाग या हिशेबात मुळातच धरलेला आहे, ही बाब ध्यानात ठेवण्यासारखी आहे. किराणा, औषध किंवा वह्यापुस्तके यांसाठी वेगळे खासगी कर्ज काढण्याची पाळी येऊ नये, हा त्यामागील उद्देश होय.

व्यवहारात मात्र दोन चुका सर्रास आढळतात. पहिली म्हणजे, जून महिन्यात मर्यादेतील सर्व रक्कम एकदम उचलली जाते आणि वर्षभर तिच्यावर व्याज चढत राहते. कार्ड हे उचल-भरण्याचे खाते आहे. सोयाबीनचे पैसे नोव्हेंबरात आले आणि त्यातील काही भाग भरला, तर त्या दिवसापासून तेवढ्या रकमेवरील व्याज थांबते; गरज पडल्यास मर्यादेत राहून ती पुन्हा उचलता येते. दुसरी चूक म्हणजे देय तारखेविषयीचे अज्ञान. प्रत्येकाने आपल्या पासबुकावरील अथवा मंजुरीपत्रावरील देय तारीख पाहून ती घरातील कॅलेंडरवर लिहून ठेवावी. व्याजाच्या सर्व सवलती त्या तारखेवर अवलंबून असतात.

वेळेवर भरण्याचे मोल

केंद्राच्या व्याज सवलत योजनेखाली ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज ७ टक्के दराने मिळते. मुदतीत परतफेड करणाऱ्यास आणखी ३ टक्के सूट मिळून प्रत्यक्ष दर ४ टक्क्यांवर येतो. राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे उरलेला भारही कमी होतो. २०२१-२२ च्या अर्थसंकल्पात ३ लाख रुपयांपर्यंतचे कर्ज मुदतीत फेडणाऱ्या शेतकऱ्यास ते शून्य टक्के व्याजाने पडावे, अशी तरतूद जाहीर करण्यात आली होती. ज्या वर्षी पीक साधले त्या वर्षी मुदतीत भरणे, याहून अधिक लाभाचा व्यवहार शेतकऱ्याला अन्यत्र मिळणार नाही. देय तारीख उलटली की या सवलती सुटतात आणि त्या दिवसापासून बँकेचा नेहमीचा दर लागू होतो.

थकबाकी लागलीच ‘बुडीत’ वर्गात जात नाही, हेही सांगितले पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या निकषानुसार कमी मुदतीच्या पिकांसाठी घेतलेले कर्ज दोन पीकहंगाम थकीत राहिल्यास ते अनुत्पादक, म्हणजे बँकेच्या बोलीत ‘एनपीए’, ठरते. त्यानंतर नवे कर्ज मिळणे दुरापास्त होते. देय तारीख चुकणे आणि खाते अनुत्पादक होणे यांच्यामध्ये काही अवधी असतो. हाच अवधी धावपळीचा असावा. तो लपण्यात जाऊ नये.

‘नवे-जुने’ आणि आठ दिवसांची उसनवारी

आपल्याकडे पीककर्जाच्या नूतनीकरणास ‘नवे-जुने’ म्हणतात. जुने कर्ज भरावयाचे आणि लगेच नवे उचलावयाचे, असा हा व्यवहार. पीक चांगले आले असेल तर त्यात काही अडचण नाही. परंतु पीक बुडाले असता जुने भरण्यासाठी पैसा आणावा कोठून? येथेच खासगी उसनवारी शिरते. आठ दिवसांसाठी कोणाकडून तरी रक्कम घ्यावयाची, बँकेत भरावयाची, नवे कर्ज मंजूर होताच त्याची परत करावयाची आणि मध्ये ‘शेकडा दोन’ द्यावयाचे.

हा आकडा दिसावयास लहान आहे. समजा, १,००,००० रुपयांसाठी एका आठवड्याचे २,००० रुपये दिले. वर्षाचे बावन्न आठवडे धरल्यास हा दर शेकडा १०४ होतो. शिवाय काही कारणाने नवे कर्ज लांबले, कागद अडला, शाखेत कर्मचारी रजेवर गेला, तर आठवड्याचा महिना होतो आणि उसनवारीचे रूपांतर सावकारी कर्जात होते. ‘महिना शेकडा पाच’ या प्रचलित दराने त्याच रकमेवर वर्षाला ६०,००० रुपये केवळ व्याज होते. वेळेवर भरल्यास ज्या कर्जावर जवळजवळ काहीच व्याज पडणार नव्हते, ते टिकविण्यासाठी एवढी किंमत मोजली जाते. म्हणून ज्या वर्षी पीक खरोखरच बुडाले आहे, त्या वर्षी नवे-जुने करण्याचा हट्ट न धरता पुनर्गठनाचा मार्ग विचारात घ्यावा.

पुनर्गठन म्हणजे काय?

पुनर्गठन म्हणजे माफी नव्हे. ज्या कर्जाची परतफेड एका हंगामात व्हावयाची होती, त्याचे काही वर्षांच्या मुदती कर्जात रूपांतर करणे आणि पुढील हंगामासाठी नवे पीककर्ज देणे, याला पुनर्गठन म्हणतात. रिझर्व्ह बँकेने १७ ऑक्टोबर २०१८ रोजी नैसर्गिक आपत्तीतील सवलतींविषयी व्यापारी बँकांना जे निर्देश दिले, त्यांत याची चौकट पुढीलप्रमाणे घालून दिली होती :

१. पिकाचे नुकसान ३३ टक्के वा त्याहून अधिक असावे.

२. नुकसान ३३ ते ५० टक्के असल्यास परतफेडीची मुदत जास्तीत जास्त दोन वर्षे, आणि ५० टक्के वा अधिक असल्यास जास्तीत जास्त पाच वर्षे. दोन्हींत किमान एक वर्षाची हप्तेसूट अंतर्भूत.

३. आपत्तीच्या वर्षी देय असलेले मुद्दल आणि व्याज या दोहोंचे मुदती कर्जात रूपांतर करता येते.

४. पुढील हंगामासाठी प्रचलित कर्जदराप्रमाणे नवे पीककर्ज द्यावे.

५. आपत्ती जाहीर झाल्यापासून तीन महिन्यांत बँकांनी हे काम पुरे करावे.

६. आपत्तीच्या वेळी जे कर्ज आधीच थकीत होते, ते या पुनर्गठनास पात्र नाही.

यातील सहावे कलम सर्वांत महत्त्वाचे होय. एखाद्या कास्तकाराने गेल्या वर्षी पीक साधूनही केवळ दुर्लक्षाने कर्ज थकविले असेल आणि यंदा अतिवृष्टीने त्याचे पीक गेले असेल, तर यंदाचे नुकसान कितीही मोठे असो, त्याचे जुने कर्ज या चौकटीत बसत नव्हते. ही चौकट वेळोवेळी सुधारली जाते. यास्तव अर्ज करतेवेळी त्या हंगामाला कोणता आदेश लागू आहे, हे शाखा व्यवस्थापकाकडून अथवा जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या कार्यालयातून विचारून घ्यावे. सोसायटीमार्फत जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे कर्ज घेतलेल्यांनी सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात चौकशी करावी.

एक हिशेब

पुनर्गठनाने ओझे किती हलके होते आणि किती किंमत पडते, हे आकड्यांत पाहू. समजा, १,००,००० रुपयांच्या कर्जाचे पाच वर्षांसाठी पुनर्गठन झाले. पहिल्या वर्षी मुद्दलाचा हप्ता नाही, पुढील चार वर्षे दरवर्षी २५,००० रुपये. गणिताच्या सोयीसाठी व्याज सरळ १० टक्के आणि ते दरवर्षी चुकते केले, असे धरू.

पहिले वर्ष : व्याज १०,००० रुपये.
दुसरे वर्ष : मुद्दल २५,००० आणि व्याज १०,०००, एकूण ३५,०००.
तिसरे वर्ष : मुद्दल २५,००० आणि व्याज ७,५००, एकूण ३२,५००.
चौथे वर्ष : मुद्दल २५,००० आणि व्याज ५,०००; एकूण ३०,०००.
पाचवे वर्ष : मुद्दल २५,००० आणि व्याज २,५००, एकूण २७,५००.

पाच वर्षांत व्याजापोटी ३५,००० रुपये जातात. ही रक्कम लहान नाही. म्हणून ज्याची भरण्याची ऐपत आहे, त्याने केवळ सवलत मिळते म्हणून पुनर्गठन घेऊ नये. परंतु ज्याचे पीक बुडाले आहे त्याची तुलना शून्य व्याजाशी होऊ शकत नाही. ती महिना शेकडा पाच दराशी करावी लागते. तेथे एका वर्षाचे व्याजच ६०,००० रुपये होते आणि मुद्दल जसेच्या तसे राहते. आणखी एक गोष्ट या हिशेबातून दिसते. पुढील पिकातून आता दोन देणी भागवावयाची आहेत : नवे पीककर्ज आणि जुन्याचा हप्ता. म्हणून पुनर्गठन झालेल्या घरात पुढील दोन-तीन वर्षे लग्नकार्य, वाहन वा घरबांधणीसाठी नवे कर्ज काढू नये.

हप्त्याची कल्पना नवी नाही

कर्जदाराच्या ऐपतीप्रमाणे हप्ते बांधून देण्याचा विचार महाराष्ट्रात दीडशे वर्षांचा जुना आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या खतपत्रांवर हल्ला केला आणि तो उद्रेक दख्खनच्या इतर गावी पसरला. त्याची चौकशी होऊन १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. खतावर लिहिलेल्या रकमेमागचा खरा व्यवहार तपासण्याचा आणि देणे हप्त्यांनी फेडण्याची मुभा देण्याचा अधिकार न्यायालयांस मिळाला. आपला वऱ्हाड त्या कायद्याच्या कक्षेत नव्हता. परंतु जागतिक मंदीने कापसाचे भाव कोसळल्यानंतर मध्य प्रांतात १९३३ साली कर्ज समझोत्याचा कायदा झाला, आणि १९३९ साली मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी कर्जनिवारणाचा कायदा येऊन त्यासाठी स्वतंत्र न्यायालये नेमण्यात आली.

स्वातंत्र्योत्तर काळात सहकारी सोसायट्यांचे जाळे विणले गेले. १९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेत सोसायटीचे कर्ज कापसाच्या चुकाऱ्यातून परस्पर वळते होत असे. त्या पद्धतीविषयी मतभेद होते. तथापि पीक आणि परतफेड यांची एक साखळी तिच्यामुळे जुळलेली होती. ती योजना राहिली नाही. आज चुकारा शेतकऱ्याच्या हाती वा खात्यात येतो आणि त्यातून कर्जाचा वाटा बाजूला काढण्याची जबाबदारी सर्वस्वी त्याच्यावर आहे. कापूस विकल्या दिवशीच ठराविक भाग कार्डाच्या खात्यात भरण्याची सवय लागली, तर त्या जुन्या साखळीचा लाभ तिच्या जाचाविना मिळेल.

यवतमाळ जिल्ह्याच्या अलीकडील इतिहासातही पुनर्गठनाचे ठळक उदाहरण आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ च्या जुलै महिन्यात विदर्भातील यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. तिच्यात १ जुलै २००६ रोजीचे थकीत व्याज माफ करण्याची आणि मुद्दलाचे तीन ते पाच वर्षांच्या कर्जात, एक वर्षाच्या हप्तेसुटीसह, रूपांतर करण्याची तरतूद होती.

माफीची वाट पाहावी काय?

हा प्रश्न टाळून या विषयावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १९९०, २००८, २०१७ आणि २०१९ या वर्षी कर्जमाफीच्या मोठ्या योजना जाहीर झाल्या. त्यांनी पुष्कळांचा सातबारा कोरा केला, हे खरे. परंतु पहिल्या दोहोंमध्ये अठरा वर्षांचे अंतर आहे आणि शेवटच्या दोहोंमध्ये अवघे दोन वर्षांचे. यातून कोणताही नियम बांधता येत नाही. शिवाय प्रत्येक योजनेला तारखांच्या आणि रकमेच्या कडा होत्या. २००८ च्या योजनेत संपूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना होती. कोरडवाहू विदर्भात जमीन अधिक पण उत्पन्न कमी असल्याने अनेक गरजू त्या कडेबाहेर राहिले. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले योजनेत १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात घेतलेले आणि ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकीत असलेले २ लाख रुपयांपर्यंतचे कर्ज धरण्यात आले.

ग्रामसभेत असेही विचारले जाते की, पुनर्गठनाचा कागद दिला तर पुढे माफीतून नाव गळेल काय? २०१९ च्या योजनेत पुनर्गठित पीककर्जाची थकबाकीही समाविष्ट होती, एवढे उत्तर येथे पुरेसे आहे. पुढील योजनेविषयी कोणी छातीठोकपणे काही सांगू लागल्यास त्यावर विसंबू नये. माफी मिळाली तर ती घ्यावी. परंतु मिळेल या आशेवर ऐपत असूनही कर्ज थकवू नये.

पैसेवारी आणि पंचायत

पुनर्गठनाचा आधार म्हणजे नुकसानीची शासकीय नोंद. अमरावती विभागात खरिपाची अंतिम पैसेवारी ३१ डिसेंबरच्या सुमारास जाहीर होते. ५० पैशांहून कमी पैसेवारी ही टंचाईची खूण मानली जाते. गावच्या पीक पैसेवारी समितीत महसूल व कृषी खात्याच्या कर्मचाऱ्यांसमवेत सरपंच, सोसायटीचे अध्यक्ष व शेतकरी प्रतिनिधी असतात. पीककापणी प्रयोगाच्या दिवशी या सदस्यांनी धुऱ्यावर उपस्थित राहणे हे त्यांचे कर्तव्य आहे. प्रयोग कोणत्या शेतात झाला आणि उतारा किती आला, हे ग्रामसभेत वाचून दाखविले, तर पुढील तक्रारी निम्म्याने कमी होतील.

दुष्काळ अथवा अतिवृष्टी जाहीर झाल्यावर शासनाच्या आदेशात सामान्यतः जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीस स्थगिती, कृषिपंपांच्या वीजबिलात सवलत आणि विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफी यांचा समावेश असतो. २०२५ च्या अतिवृष्टीनंतर ऑक्टोबर महिन्यात निघालेल्या आदेशातही पुनर्गठन आणि एक वर्षाची वसुली स्थगिती होती. स्थगिती म्हणजे माफी नव्हे आणि पुनर्गठनही नव्हे. स्थगितीत केवळ वसुलीची कारवाई थांबते. हा भेद पंचायत सदस्यांनी स्पष्ट करून सांगावा. अनेक जण स्थगितीवर निश्चिंत राहतात आणि पुनर्गठनाचा अर्ज देतच नाहीत.

अर्जाचा नमुना

अर्ज साधा असावा. “प्रति, शाखा व्यवस्थापक. विषय : पीककर्जाचे पुनर्गठन करण्याबाबत. मी मौजे अमुक, तालुका बाभुळगाव येथील खातेदार असून माझ्या किसान क्रेडिट कार्ड खात्यावर अमुक रक्कम देय आहे व देय तारीख अमुक आहे. यंदा गट क्रमांक अमुक मधील पिकाचे अमुक कारणाने नुकसान झाले आहे. कर्जाचे पुनर्गठन करून पुढील हंगामासाठी नवे पीककर्ज मंजूर करावे. मी वर्षाला अमुक रक्कम, अमुक महिन्यात भरू शकेन.” सोबत सातबारा, आठ-अ, पंचनाम्याची वा पैसेवारीची प्रत आणि पासबुकाची छायाप्रत जोडावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक अवश्य घ्यावा. व्यापारी अथवा ग्रामीण बँकेकडून तीस दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. त्या वेळी हा शिक्काच पुरावा होतो.

अर्जातील शेवटचे वाक्य सर्वांत विचारपूर्वक लिहावे. आपण किती भरू शकतो, हे सांगण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून एका कागदावर सर्व देणी मांडावी : बँक, सोसायटी, बचत गट, कृषी केंद्राची उधारी, सोनेतारण, नातलग, सावकार. प्रत्येकापुढे रक्कम, व्याज आणि तारीख लिहावी. बहुतेक घरांत सर्व देणी कोणा एकालाच ठाऊक असतात आणि त्या एकट्याच्या मनावर त्यांचा भार असतो. कागदावर उतरलेले कर्ज कितीही मोठे असले, तरी त्याला शेवट दिसू लागतो.

सावकारी आणि लहान वित्तसंस्था

खासगी देण्यांबाबत महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ हा आधार आहे. त्याखाली परवानाधारक सावकारास शेतकऱ्याकडून तारणावर वार्षिक ९ टक्के व विनातारण १२ टक्के, एवढेच व्याज घेण्याचे दर २०१४ मध्ये अधिसूचित झाले. व्याजाची एकूण रक्कम मुद्दलापेक्षा अधिक होऊ शकत नाही. विनापरवाना सावकारी हा गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. सावकारीच्या व्यवहारात जमीन खरेदीखताने गेली असल्यास, पंधरा वर्षांच्या आतील व्यवहाराबाबत जिल्हा निबंधकाकडे दाद मागता येते.

महिलांना गटाने कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांचे साप्ताहिक हप्ते हा नवा भार आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार अशा कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांहून अधिक होऊ नयेत, आणि वसुलीसाठी सकाळी ९ पूर्वी वा सायंकाळी ६ नंतर जाऊ नये. एका संस्थेचा हप्ता भरण्यासाठी दुसरीकडून कर्ज घेण्याची पाळी आली, की नव्या कर्जाला तेथेच विराम द्यावा.

नोकरदारांच्या कार्डाविषयी

ग्रामस्थांना सल्ला देणाऱ्या शिक्षक-कर्मचाऱ्यांच्या खिशातही आज क्रेडिट कार्ड असते. त्याचे तत्त्व वेगळे आहे. दरमहा ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज तेथे नवलाचे नाही. समजा, ४०,००० रुपये बाकी आहेत. महिन्याचे व्याज १,४०० रुपये आणि त्यावर १८ टक्के कर २५२ रुपये. ‘किमान देय’ म्हणून २,००० रुपये भरले, तर मुद्दल घटते ते केवळ ३४८ रुपयांनी. म्हणून संपूर्ण बिल भरता येत नसेल तर कार्ड वापरणे थांबवावे, बँकेस लेखी कळवून बाकीचे ठरावीक हप्त्यांत रूपांतर करून घ्यावे, किंवा पगारदार पतसंस्थेच्या कमी व्याजाच्या कर्जाने ती एकरकमी फेडावी. संकट दिसताच लेखी बोलणे, हा नियम येथेही तोच आहे.

शाळेने आणि ग्रामपंचायतीने काय करावे?

सातवी-आठवीच्या वर्गात सरळव्याज शिकविताना ‘शेकडा दोन, आठ दिवस’ हे उदाहरण फळ्यावर घ्यावे. वार्षिक दर काढून झाल्यावर ते गणित मुलांनी घरी वाचून दाखवावे. ग्रामपंचायतीने जानेवारीत, पैसेवारी जाहीर झाल्यानंतर आणि मार्चपूर्वी, एक सभा केवळ कर्जविषयासाठी घ्यावी. तीत बँकेचा प्रतिनिधी, सोसायटीचे सचिव, तलाठी व कृषी सहायक यांना बोलवावे. अर्ज तेथेच भरून घ्यावेत. थकबाकीदारांची नावे मात्र सभेत वाचू नयेत. लाज वाटली की माणूस दूर राहतो, आणि दूर राहिलेला माणूस सावकाराच्या दारी जातो.

एखादा कास्तकार अबोल झाला असेल, जेवणाखाण्यातून त्याचे मन उडाले असेल, तर त्याच्याशी आधी कर्जाविषयी बोलू नये, त्याच्याशी बोलावे. टेलि-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. तो पंचायतीच्या फलकावर लिहून ठेवावा.

पाऊस आपल्या हाती नाही आणि कापसाचा भावही नाही. देय तारीख मात्र आधीच ठाऊक असते. ती उलटण्यापूर्वी दोन प्रतींत एक अर्ज आणि त्यावर शाखेचा एक शिक्का, एवढे काम प्रत्येक घराकडून करवून घेणे बाभुळगाव तालुक्यातील कोणत्याही ग्रामपंचायतीस अशक्य नाही. येत्या जानेवारीपासून त्याचा आरंभ करावा.